अण्णांचं पोट आणि आईची चटणी

आमच्याकडे वर्षाची चटणी एप्रिलात व्हायची. चटणी म्हणजे कांदा-लसणीचं तिखट. कऱ्हाड भागात त्याला चटणीच म्हणतात. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या जुन्या लुगड्यावर अंगणात वाळत पडायच्या. देठं खुडताना बोटांची जी आग व्हायची ती रात्री डोळ्याला हात लागला की पुन्हा आठवायची. मग आई आणि शेजारच्या काकू पाट्या घेऊन डंकावर जायच्या. डंक सुरू झाला की सगळी गल्ली शिंकायला लागे. कुटलेली चटणी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचा खडा ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं, की वर्षाची निश्चिंती.

१९७४ च्या एप्रिलात आमच्या घरी चटणी झाली नाही.

अण्णा एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. पाळीची नोकरी, जेवणाला वेळ नाही, आणि समोर सतत तक्रार घेऊन आलेला कुणीतरी. त्या हिवाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं, तेही गंमतशीर वेळेला. जेवल्यावर बरं वाटायचं आणि रात्री दोनच्या सुमाराला कळ यायची. ते उठून अंधारातच बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायचे. त्या झाकणाचा आवाज माझ्या लहानपणाच्या रात्रींचा आवाज आहे. बिस्किट आणि कपभर गार दूध पोटात गेलं की कळ थांबायची. आज कुठलाही एमबीबीएसचा विद्यार्थी एवढ्यावरून सांगेल की जखम लहान आतड्याच्या सुरुवातीला आहे. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ते घरी आले, बाजेवर बसले, अण्णांच्या पोटावर हात ठेवून किती तरी वेळ बोटं फिरवत राहिले. डेपो मॅनेजरशी कसं चाललंय हेही विचारलं. मग म्हणाले, "अल्सर आहे. तीन गोष्टी बंद. तिखट, चहा आणि राग."

आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. डॉक्टर उंबरा ओलांडायच्या आत ती म्हणाली, "मी म्हणतच होते, वहिनीचा हात तिखटाचा."

आई काही बोलली नाही. बरणी धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवून दिली.

पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात पिवळं वरण, मऊ भात, दुधीची फिकी भाजी आणि दूध-भाकरी. सुरुवातीला आई दोन पातेल्यांत आमटी करायची, अण्णांची पांढरी आणि आमची लाल. पण लाल आमटीचा वास गेला की अण्णांचा चेहरा पडे, म्हणून मग सगळ्यांचीच पांढरी झाली. रागाचा बंदोबस्त अण्णांनी स्वतःच केला. वडील म्हणून ते तापटच होते. आता आवाज चढायला लागला की मध्येच थांबायचे, पोटावर हात ठेवायचे आणि बाहेर जाऊन पायरीवर बसायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, आपण दंगा केला तर अण्णांच्या पोटाला भोक पडेल. गणितात नापास झाल्याचं मी चार दिवस लपवलं ते मार खायच्या भीतीने नव्हे. त्या भोकाच्या भीतीने.

राग आणि पोट ही जोडी काही आमच्या डॉक्टरांच्या डोक्यातून निघालेली नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्यामागे दीडशे वर्षांचं संशोधन होतं, आणि ते चांगल्या प्रतीचं होतं, हीच तर गोची.

१८२२ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर फरच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कॅनडियन हमालाच्या पोटात छर्रे शिरले. तिथल्या लष्करी ठाण्यावरचा डॉक्टर विल्यम बोमाँट. त्याला वाटलं, पोरगं रात्र काढत नाही. पोरगं जगलं, जखम भरली, पण जठराला पडलेलं भोक तसंच राहिलं, बाहेरून बोट घालता येईल असं. बोमाँटने मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्यातून आत सोडले आणि तासातासाने ओढून पाहिले. विहिरीत पोहरा सोडावा तसं. आठ वर्षांत दोनशेहून अधिक प्रयोग झाले, १८३३ मध्ये पुस्तक आलं, आणि अन्न जठरात कुजत नाही, आंबत नाही, तिथल्या आम्लरसाने विरघळतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं ज्ञान जगाला मिळालं. त्या पुस्तकात बोमाँटने हेही नोंदवलंय की सेंट मार्टिन चिडला की पचन बिघडतं. तो चिडायचा फार. का चिडणार नाही? एका माणसाने दुसऱ्याच्या पोटात दोरा सोडून बसायचं आणि त्याचं नाव व्हायचं. तो पळून गेला, परत आला, पुन्हा गेला. डॉक्टर वारल्यावर सत्तावीस वर्षं जगला. १८८० मध्ये तो गेल्यावर घरच्यांनी प्रेत मुद्दाम सडू दिलं आणि खोल पुरलं, म्हणजे कुणी डॉक्टर पुन्हा ते पोट उघडायला येऊ नये. त्या घरच्यांबद्दल मला आदर आहे.

पुढे न्यूयॉर्कमध्ये टॉम नावाने प्रसिद्ध झालेला एक माणूस होता. लहानपणी उकळतं सूप गिळल्याने अन्ननलिका जळून बंद झालेली, म्हणून जठरालाच बाहेर तोंड काढून दिलेलं. वुल्फ आणि वोल्फ या दोन डॉक्टरांनी त्याला आपल्याच प्रयोगशाळेत कामाला ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्याच्या जठराचं अस्तर पाहिलं. टॉम घाबरला की ते पांढरं पडायचं. रागावला की लालबुंद व्हायचं आणि आम्ल पाझरायचं. हे १९४३ मध्ये पुस्तकात छापून आलं. १९५८ मध्ये माकडांचा प्रयोग गाजला. दोन माकडं शेजारी बसवायची, दोघांना विजेचे झटके. एकाच्या हाती दांडा, तो वेळेवर दाबला तर दोघंही वाचतात. जबाबदारीच्या त्या माकडाला अल्सर झाला, बिनकामाच्या माकडाला नाही. साहेब माकड म्हणून ते जगभर प्रसिद्ध झालं. दांडा चटकन दाबणारी माकडंच आधी निवडून साहेब केली होती, म्हणजे निवडीतच खोट होती, हे बाहेर यायला वेळ लागला. तोवर अल्सर म्हणजे काळजी करणाऱ्या, तापट, जबाबदार माणसाचा आजार हे पक्कं झालं होतं. अण्णांच्या डेपोत तर ते मानाचंही झालं होतं. "साहेबांना अल्सर आहे," असं कंडक्टर आदराने सांगायचे.

दुधाचीही कथा तशीच. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध-साय आणि मध्ये क्षाराची पूड असा आहार सुचवला, आणि तो साठ वर्षं फिरत फिरत कऱ्हाडच्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. अण्णा डेपोत जाताना खांद्याला थर्मास लावायचे. दुधाने घटकाभर बरं वाटतं हे खरं, पण दूध पोटात गेल्यावर जठर उलट जास्त आम्ल सोडतं, असं १९७६ मध्ये मोजून दाखवलं गेलं. म्हणजे अण्णा चौथ्या थर्मासावर असताना. गल्लीतले वैद्य मात्र ज्येष्ठमध चघळायला द्यायचे आणि डॉक्टर त्यावर हसायचे. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात अल्सर भरून आणणारं जे पहिलं औषध निघालं, ते ज्येष्ठमधापासूनच काढलेलं होतं. हे दोघांनाही कुणी सांगितलं नाही.

१९७७ मध्ये अण्णांना बेरियमचा एक्स-रे काढायला मिरजेला नेलं. मी सोबत होतो. खोलीत मिट्ट काळोख. डॉक्टर लाल काचांचा चष्मा लावून बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी येऊन बसले, तेव्हा मला ते सिनेमातल्या खलनायकासारखे वाटले. अंधारात पडद्यावरची पुसट आकृती दिसावी म्हणून डोळे आधीच अंधाराला सरावून घ्यायचे असतात, त्यासाठी तो चष्मा. आत अण्णांच्या हातात पांढऱ्या चुन्यासारखा दाट पेला दिला. "एका दमात घ्या." अण्णांनी पेला रिकामा केला, पांढऱ्या मिशीने माझ्याकडे पाहिलं आणि हसले. फिल्मवर त्यांचं जठर पांढऱ्या पखालीसारखं दिसलं आणि तिच्या तोंडाशी एक वेडीवाकडी जागा. कंपाउंडरने तिच्यावर पेन्सिलीने बाण काढला. अण्णांच्या पोटाचं दर्शन म्हणजे तेवढंच, सावलीचं.

खरं तर आत डोकावायची दुर्बीण तोवर आली होती. मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडनमध्ये काचेच्या केसाएवढ्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येतं हे १९५४ मध्ये दाखवलं. त्यावरून बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचीक नळी तयार केली आणि १९५७ मध्ये पहिल्यांदा स्वतःच्याच घशाखाली उतरवली. पण वीस वर्षांनी कऱ्हाडच्या माणसाला बेरियमच मिळालं. औषधाचंही तेच. जेम्स ब्लॅक यांच्या शोधातून आलेली, जठराची आम्लाची तोटीच वळवून बंद करणारी सिमेटिडीन १९७६ मध्ये इंग्लंडच्या बाजारात आली होती. १९७९ मध्ये अण्णा ऑपरेशनच्या टेबलावर चढले तोवर आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ती उतरली नव्हती. चिठ्ठीत होतं ते पुदिन्याच्या वासाचं गुलाबी पातळ औषध. त्याच्या रिकाम्या बाटल्या आई रॉकेलला वापरायची.

ऑपरेशन म्हणजे वेगस नावाची नस कापायची. मेंदूकडून जठराला आम्ल सोडण्याचा हुकूम तिच्यातून येतो. शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ मध्ये ही पद्धत सुरू केली. हुकूम बंद, आम्ल कमी, जखम भरते. अण्णांची जखम भरलीही. रात्रीचा डब्याचा आवाज थांबला. पण नस कापली की जठर सुस्त होतं, म्हणून त्याला आतड्याशी नवी वाट जोडून द्यावी लागते, आणि त्या वाटेने खाल्लेलं धाडकन खाली उतरतं. गोड खाल्लं की अण्णांना दरदरून घाम यायचा, छाती धडधडायची, चेहरा कागदासारखा. माझ्या ताईच्या लग्नात श्रीखंडाची एक वाटी त्यांनी आग्रहाखातर खाल्ली आणि पाठवणीच्या वेळी वधूपिता आतल्या खोलीत आडवे होते. पाहुणे म्हणाले, मुलीच्या बापाचं काळीज ते.

अण्णांच्या ऑपरेशनच्याच वर्षी, १९७९ मध्ये, ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली जठराचा एक तुकडा पाहत होते. त्यात त्यांना नागमोडी जंतू दिसले. आम्लात जंतू जगत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. १९५४ मध्ये पामर या अमेरिकन डॉक्टरांनी १,१८० जणांच्या जठराचे नमुने तपासून एकही जंतू सापडला नाही असं जाहीर केलं होतं आणि विषय मिटला होता. त्यांनी जो रंग वापरला त्यात हे जंतू सहज दिसत नाहीत. वॉरननी चांदीचा रंग वापरला. ग्रीसमधल्या मिसोलोंगीत लिकुडिस नावाचे एक साधे डॉक्टर तर १९५८ पासून अल्सरला अँटिबायोटिक्स देत होते. त्यांचा लेख कुणी छापला नाही, उलट दंड झाला. माझा राग आहे तो या अकराशे ऐंशीच्या आकड्यावर. एवढा मोठा आकडा समोर आल्यावर कोण पुन्हा बघायला जातो?

वॉरनना १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर येऊन मिळाला. जंतू काचेच्या बशीत वाढवायचे प्रयत्न एकामागून एक फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकून द्यायची शिस्त होती. १९८२ च्या ईस्टरला चार दिवसांची सुट्टी लागली, बशा तशाच राहिल्या, आणि माणसं परत आली तेव्हा जंतू वाढलेले. इडलीचं पीठ विसरून गावाला जावं आणि परत येऊन झाकण उघडावं, तसलं काहीतरी. तरी कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने त्या जंतूंचं पाणीच पिऊन टाकलं. आठवड्याभरात उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर अस्तर सुजलेलं. हा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, युरियापासून अमोनिया काढून स्वतःभोवतालचं आम्ल मारतो आणि श्लेष्माच्या थरात घर करून राहतो. भर उन्हात छत्री उघडून बसल्यासारखा.

२००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मी दसऱ्याला कऱ्हाडला गेलो तेव्हा पेपरचं कात्रण खिशात होतं. अण्णा एकाहत्तर वर्षांचे. मी वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जंतू?"

"हो."

"म्हणजे रागाचं काही नव्हतं?"

"फारसं नाही."

"आयला," अण्णा म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी उगाच गप्प बसलो."

आम्ही हसलो. आई आपट्याची पानं नीट लावत होती. तिने मान वर केली नाही. "आणि चटणीचं?"

"त्याचं तर मुळीच नाही."

बराच वेळ ती पानं लावत राहिली. मग म्हणाली, "वन्सं गेल्या की हो दोन वर्षांपूर्वी."

पुढच्या एप्रिलात तिने माळ्यावरून बरणी उतरवली. प्रमाण आठवेना, शेजारच्या सुनेला विचारून घेतलं. अण्णांनी भाकरीच्या टोकाला चिमूटभर लावून खाल्ली आणि म्हणाले, "तिखट झालीय." २०११ मध्ये ते गेले, हृदयाने. पोटाचा त्यात काही संबंध नव्हता.

न्यायाची गोष्ट सांगायची तर मनाला सगळंच माफ करता येत नाही. १९९५ मध्ये जपानात कोबेला मोठा भूकंप झाला, त्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या अल्सरचे रोगी वाढले होते. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. त्याला जंतू लागतोच असं नाही. आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंतू मुक्कामाला असतो, त्यातल्या थोड्यांनाच जखम होते. बाकीच्यांना का नाही, याचा पुरता उलगडा झालेला नाही. म्हैसूरला काम केलेले इंग्रज सर्जन फ्रँक टोव्ही यांनी दाखवलं होतं की भात खाणाऱ्या दक्षिणेत हा अल्सर जास्त, गहू खाणाऱ्या वायव्येत कमी. म्हणजे ताटाकडे बोट दाखवायचं तर ते आईच्या मऊ भाताकडे जातं. हे मी तिला सांगितलेलं नाही.

२०२३ मध्ये माझंच पोट दुखायला लागलं. पुण्यातल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं असेल दोनदा, कॉम्प्युटरकडे बराच वेळ. पोटाला हात कुणी लावला नाही. मॅनेजरशी कसं चाललंय वगैरे काही विचारलं नाही. मला त्या बाजेवर बसलेल्या डॉक्टरांच्या बोटांची आठवण झाली. सोबत हेही आठवलं की ती बोटं चुकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घशात बधिर करणारा फवारा मारून नळी उतरवली. पडदा माझ्याच समोर होता. अण्णांची ती पांढरी सावली आणि ही माझी ओली, गुलाबी, चकचकीत गुहा, मध्ये फक्त शेहेचाळीस वर्षं. चिमट्याने कणभर तुकडा काढून सिस्टरने पिवळ्या जेलच्या छोट्या खणात टाकला आणि घड्याळ पाहिलं. जंतू असेल तर अमोनिया निघतो आणि पिवळ्याचा गुलाबी होतो. वीस मिनिटांत झाला. अगदी त्या पुदिन्याच्या औषधाचा गुलाबी.

"हा कधीपासून असेल?" मी विचारलं.

"बहुतेक लहानपणापासून," डॉक्टर म्हणाले. "घरातूनच येतो. एका ताटात जेवणं वगैरे."

अण्णांच्या ताटातल्या दूध-भाकरीचे शेवटचे चार घास मला मिळायचे. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हापासून, साठेक हजार वर्षं, हा जंतू असाच घरातल्या घरात पुढे दिला जातोय. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातही तो निघाला. तेव्हा माझ्या पोटातला अण्णांचा असायला काही हरकत नव्हती. चौदा दिवस चार तऱ्हेच्या गोळ्या होत्या. जीभ काळी आणि तोंडाला तांब्याच्या भांड्याची चव. पूर्वी सातच दिवस पुरायच्या. आता जंतू सरावलेत, काही गोळ्यांना दाद देत नाहीत. औषध चुकवू नका, असं तीनदा बजावलं गेलं. तिखटाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "खा की. झेपेल तेवढं."

कोर्स संपून महिना झाल्यावर एक घोट पाणी पिऊन पिशवीत फुंकर मारायची परीक्षा झाली. जंतू नाही. आईला फोन केला. ती चौऱ्याऐंशीची आहे, धाकट्या भावाकडे कऱ्हाडलाच असते. सगळं ऐकून म्हणाली, "गेला तर. बरं झालं." मग जरा थांबून, "आता पाठवू?"

दोन दिवसांनी भावाने कऱ्हाड डेपोत पुण्याच्या गाडीत कंडक्टरजवळ डबा दिला. मी स्वारगेटला उतरवून घेतला. स्टीलचा डबा, झाकणाखाली जुन्या लुगड्याचं फडकं, वरून सुतळी. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. बिबवेवाडीच्या चढाला रिक्षावाला शिंकला.